डाव्या दाराची खडखड

चालू असलेल्या वस्तूला हात लावू नये, हे शहाणपण माणसाला नेहमी हात लावून झाल्यावर सुचतं. आणि बंद पडलेल्या वस्तूला तर त्याहून लावू नये, कारण ती बंद आहे याच्या भरवशावर घरातल्या दुसऱ्या चार गोष्टी चालू असतात. पट्टीसाहेबांना हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, असंही नाही.

पट्टीसाहेब पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. वरच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी, आणि समोर आलेली वस्तू मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही हा स्वभाव. जन्मात त्यांनी एकच गोष्ट न मोजता घेतली, ती म्हणजे दोन माणसांपुरती, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. घरी आणल्यावर कळलं की तिच्यात आधी डोकं, मग एक पाय आणि मग उरलेले साहेब अशाच क्रमाने जाता येतं. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती. लाल रंग विटेवर आला होता. पुढचे दिवे झाकणातून वर यायचे, पण डावा दिवा उजव्यानंतर दोन सेकंदांनी. त्यामुळे दिवे लावले की गाडी समोरच्याला डोळा मारतेय असं वाटायचं. या कारणावरून साहेबांनी एकदा एका वाहतूक हवालदाराची माफीही मागितली होती.

गाडीत कंपनीने बसवलेला मूळ रेडिओ होता. त्याचा एक स्पीकर कधीच निवर्तला होता आणि दुसरा वाळलेली पानं तुडवल्यासारखा बोलायचा. तेव्हा तो कोणी लावायचंच नाही.

दर रविवारी सकाळी साहेब आणि वहिनी गावाबाहेरच्या टाकीच्या टेकडीपर्यंत चक्कर मारून यायचे. (साहेबांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.) रेल्वेचं फाटक ओलांडलं, रस्ता मोकळा झाला, साहेबांनी तिसरा गिअर टाकला, की वहिनींच्या बाजूचं डावं दार खडखडायला लागायचं. इंजिन घुमायचं, खालून टायरची घरघर यायची. त्या गदारोळाच्या आडोशाला वहिनी गायला लागायच्या.

घरी त्या गात नसत. पूर्वी गायच्या, पण इमारतीच्या भिंती पातळ. एकदा शेजारचे निवृत्त तारमास्तर जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काल दुसऱ्या कडव्यात सूर जरा उतरला होता हो." बिचाऱ्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. पण त्या दिवसापासून वहिनींनी घरात सूर म्हणून काढला नाही. गाडीत मात्र आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही, तिथे शेजारच्याला काय येणार, अशी त्यांची खात्री होती.

साहेबांना सगळं ऐकू यायचं. नोकरीची पहिली सहा वर्षं त्यांनी रस्त्याला लोखंडी कांब टेकवून, तिला कान लावून जमिनीखालची गळती शोधण्यात काढली होती. डांबर, माती आणि दगडाखालून पाण्याची पिचकारी ओळखणारा तो कान. त्याला एका दाराची खडखड म्हणजे काय. खडखड बाजूला काढून तो नुसतं गाणं घ्यायचा. साहेब मान वळवायचे नाहीत आणि बोलायचे नाहीत. आठवड्याचे उरलेले सहा दिवस आपण या पाऊण तासावर काढतो, हे त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. माणसाला पट्टी लावून मोजता न येणाऱ्या गोष्टींची किंमत उशिरा कळते, आणि साहेबांना तर सगळंच थोडं उशिरा कळायचं.

मग मेहुणा आला. वहिनींचा धाकटा भाऊ; स्वतःकडे गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांविषयी त्याची मतं फार ठाम होती. साहेब त्याला स्टेशनवरून आणत असताना त्याने रेडिओचं बटण दाबलं. पानं तुडवली गेली.

"भावजी," मेहुणा म्हणाला, "गाडी स्पोर्ट्सची आणि आवाज शेवटच्या घरघरीचा?"

"चालतं आम्हाला," साहेब म्हणाले.

"तुम्हाला चालेल हो. ताईचं काय? एकोणीस वर्षं ही खडखड ऐकतेय ती. वेळ जावा म्हणून स्वतःशीच गुणगुणत असेल बिचारी. दुसरं करणार काय?"

त्याने हे सहज ठोकून दिलं होतं. पण नेम बरोबर लागला. ती खरंच गाते, हे साहेबांना माहीत होतं. का गाते, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता केला, आणि पाणीपुरवठा खात्याच्या पद्धतीने केला. जिथे नळ पोचत नाही तिथे लोक विहीर खणतात. नळ आला की कोणी विहिरीवर जात नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण घरात नळ आणला नाही आणि बायकोला पाणी शेंदायला लावलं. साहेबांना स्वतःची अतिशय लाज वाटली. यात चूक एवढीच होती की काही माणसांना विहीर आवडते.

बेत गुपचूप ठरला. "गाडी तेलपाण्याला टाकतोय," असं घरी सांगून साहेबांनी गाडी बेसवाल्याकडे नेली. बेसवाला हा गाड्यांत स्पीकर बसवणारा जाडजूड, शांत माणूस. त्याच्या दुकानात सतत जमीन हादरत असायची आणि तो स्वतः मात्र ढिम्म असायचा. कुठेतरी जायचं म्हणून तारमास्तरही बरोबर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

बेसवाल्याने डॉक्टरसारखी दोन बोटांनी दारं ठोकून पाहिली. "पोकळ आहेत," तो म्हणाला.

"दारं पोकळच असतात," साहेब म्हणाले.

"म्हणून तर. आतून डांबराचे जाड पत्रे चिकटवावे लागतील. दार गप्प बसलं पाहिजे. दारच बोलायला लागलं तर स्पीकरने काय बोलायचं? खालचा घुमणारा बेस कुठून येणार?"

साहेबांना हे पटलं. आजवर त्यांना पटवून देणाऱ्या प्रत्येक माणसाने त्यांचं नुकसानच केलं होतं, तरी पटलं. पुढे कळलं की नवा रेडिओ जुन्याच्या जागेत बसत नाही. साहेबांनी पट्टी लावली, अकरा मिलिमीटर कमी भरले. डॅशबोर्डची फळी कापावी लागणार होती. "एकदा कापली की परत जुना बसायचा नाही," बेसवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मग आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर हवा. तो आला तर जाड वायरी हव्यात. वायरी टाकायच्या तर गाडीतली पायाखालची फरशी उचकटायला हवी. फरशी उचकटलीच आहे तर तिथेही डांबर लावून घ्या. आणि अॅम्प्लिफायर ठेवायचा कुठे?

"सीटखाली," तारमास्तर म्हणाले. "मी तीस वर्षं टिंब आणि रेघांवर जग ऐकलंय. यंत्र नेहमी सीटखालीच ठेवावं. गार राहतं."

उंटावरच्या शहाण्याला निदान उंटावरून खाली पडायची भीती असते. तारमास्तर पायी होते. त्यांचा सल्ला मानला गेला आणि अॅम्प्लिफायर वहिनींच्या सीटखाली गेला.

तीन दिवसांचं काम सोळा दिवस चाललं. दारांच्या आतल्या आवरणाच्या प्लास्टिकच्या खुंट्या हात लावताच बिस्किटासारख्या तुटल्या. नव्या मिळेनात, कारण ही गाडी बनवणाऱ्या कंपनीला ती आपण बनवल्याची आता आठवणही नव्हती. मधले दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी वहिनी सवयीने तयार होऊन बसल्या, मग पायातल्या चपला काढून परत जागेवर ठेवल्या. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "किती तेल पिते हो ही गाडी?" साहेब मनात हसले. त्या हसण्याची आठवण पुढे त्यांना फार छळणार होती.

तिसऱ्या रविवारी गाडी आली. अॅम्प्लिफायरने सीट दोन बोटं वर उचलली होती, त्यामुळे वहिनींचं डोकं छताला टेकत होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोत्याने नाकालाच वर ढकललं होतं. फाटक ओलांडलं. साहेबांनी तिसरा गिअर टाकला. दार खडखडलं नाही. टायरची घरघर आली नाही. इंजिन दुसऱ्या कोणाच्या तरी घरात चालू असल्यासारखं लांबून ऐकू आलं. गाडीत अशी शांतता पसरली की वहिनींच्या बांगड्या एकमेकींना लागल्या तेही कळलं.

वहिनींनी गाण्यासाठी उघडलेलं तोंड मिटलं. साहेबांनी ते पाहिलं नाही, कारण ते नवीन बटण दाबण्यात गुंतले होते. रेडिओ लागला. आवाज खरोखर चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. मिनिटभराने साहेबांनी तो लहान केला आणि सोळा दिवस घोकलेलं वाक्य म्हटलं.

"आता तुला गुणगुणत बसावं लागणार नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू यायचं?"

"म्हणजे काय. सगळं. पहिल्या दिवसापासून," साहेब म्हणाले. गळती शोधणाऱ्या कानाचा त्यांना जरा अभिमानच होता.

वहिनींनी मांडीवरची पर्स सरळ केली. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग नुसतं सांगायचं होतं, बंद कर म्हणून. एवढा खटाटोप कशाला केलात?"

साहेबांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. "अगं, तसं नाही," असं म्हणत त्यांनी गडबडीने अॅक्सिलरेटर दाबला, आणि चारही स्पीकरांतून एक बारीक, कुंईंईं अशी शिट्टी निघाली. वेग वाढला तशी ती वाढली. वायर कुठेतरी चुकीची जोडली गेली होती. शिट्टीवर ओरडून 'तुझं गाणं मला आवडायचं' हे सांगणं साहेबांसारख्या माणसाला जमण्यातलं नव्हतं. ते टेकडीपर्यंत गप्प राहिले, आणि अशी गोष्ट एकदा वेळेवर बोलायची राहिली की मग तिच्यासाठी मुहूर्त मिळत नाही.

त्यानंतर जे झालं ते करायला गेले एक आणि झालं भलतंच या सदरात मोडतं. तारमास्तरांनी गार राहील म्हटलेला अॅम्प्लिफायर तापायचा, आणि वहिनी जाड उशी घेऊन बसू लागल्या, म्हणजे डोकं आणखी वर. मधल्या एका दिवशी बटण नीट बंद झालं नाही, बॅटरी उतरली आणि दिवे वर आलेल्या अवस्थेतच अडकले, चार दिवस गाडी इमारतीच्या दारात दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून उभी होती आणि येणारा-जाणारा "काय साहेब, जागरण झालं का गाडीला?" असं विचारत होता. दुरुस्तीनंतर बेस तपासताना वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपाटातल्या बश्या खाली आल्या. त्यांनी फुटलेली बशी साहेबांना आणून दाखवली, शब्दही न बोलता परत नेली, आणि हे रोज असं आठवडाभर केलं.

त्यातच वाहन कार्यालयाची तपासणी आली. निरीक्षकाने डाव्या दारावर टकटक केलं आणि तो थबकला. "हे दार वाजत नाही."

"नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले.

"एवढ्या जुन्या गाडीचं दार वाजलंच पाहिजे. आत काय भरलंय?"

मग तीन प्रतींत फेरफाराचा अर्ज. त्यात एक रकाना होता, 'बदलाचे कारण'. साहेबांनी पट्टीने सरळ रेघ मारल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'पत्नीची सोय'. सहा आठवड्यांनी शिक्का मारलेलं पत्र आलं की पत्नीच्या सोयीस सदर कार्यालयाची मान्यता आहे. साहेबांनी ते पत्र वहिनींना दाखवलं नाही.

कारण वहिनी गात नव्हत्या. रविवारी यायच्या, उशीवर बसायच्या, रेडिओवरच्या गाण्याला "छान आहे" म्हणायच्या. राग नव्हता त्यांचा. राग असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. आपलं काहीतरी इतकी वर्षं दुसऱ्याला सहन करावं लागलं, आणि त्याने सभ्यपणे ते सोसलं, असं समजून त्या वागत होत्या. साहेब रेडिओ बंद करून पाहायचे, तर वहिनी म्हणायच्या, "लावा ना, एवढा घेतलाय." भीक नको पण कुत्रं आवर, म्हणायची वेळ आली होती, आणि कुत्रं साहेबांनीच हौसेने पाळलेलं.

शेवटी ते पुन्हा बेसवाल्याकडे गेले. "सगळं काढून टाका," म्हणाले.

"रेडिओ काढतो, स्पीकर काढतो, सीटखालचं यंत्र काढतो. पण दारांतलं नि फरशीवरचं डांबर आता निघायचं नाही."

"मग खडखड?"

"खडखड येणार नाही. गॅरंटी आहे."

साहेबांनी डाव्या दारावर टकटक करून पाहिलं. "खडखड नव्याने बसवून मिळेल का?"

बेसवाल्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बावीस वर्षांच्या धंद्यात त्याला कोणी हे विचारलं नव्हतं. थोडा वेळ त्याने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग काही न विचारता डबीतून तीन जुने नट काढून त्यांच्या हातावर ठेवले.

रेडिओ आणि स्पीकर निघाले, आणि ते नट साहेबांनी स्वतः डाव्या दाराच्या फटीतून आत सोडले. पण खऱ्या खडखडीला एक लय असते. हे नट वळण आलं की गोट्यांसारखे या टोकाकडून त्या टोकाकडे घरंगळायचे. "दारात काहीतरी पडलंय वाटतं," वहिनी म्हणाल्या. "असू दे," साहेब म्हणाले. "असू दे कसं? नीट करून घ्या," वहिनी म्हणाल्या, आणि साहेबांना कळलं की आपल्याला रडू येतंय. ते त्यांनी खोकल्यावर निभावलं.

बदल रद्द करायचा तर पुन्हा अर्ज. गाडी दोघांच्या नावावर; बदल करायला एकट्या साहेबांची सही चालली होती, रद्द करायला मात्र वहिनींचीही कार्यालयात, समोर हवी होती. एका सोमवारी सकाळी दोघं खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली. कारकुनाने अर्ज हातात घेतला आणि सवयीने मोठ्याने वाचला.

"बदल रद्द करण्याचे कारण: पत्नी गात नाही."

वहिनींनी मान खाली घातली.

"हे कारण यादीत नाही," कारकून म्हणाला.

"यादीत काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"अपघात, चोरी, मालकाचा मृत्यू, इतर."

"मग इतर लिहा."

"इतरला तपशील लागतो. सांगा, मी लिहून घेतो."

साहेबांनी खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. मग कारकुनाकडे बघत, बायकोकडे अजिबात न बघता, ते बोलायला लागले. "ही गाडीत गायची. एकोणीस वर्षं. मला वाटलं, रेडिओ नाही म्हणून गाते. म्हणून रेडिओ बसवला. मला ते गाणं आवडायचं. त्याच्यासाठीच मी रविवारी गाडी काढायचो. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

कारकुनाचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. "साहेब," तो जरा हळू आवाजात म्हणाला, "हे दोन ओळींत बसायला हवं."

वहिनींनी पेन मागून घेतलं आणि जिथे खूण केली होती तिथे सही केली.

परतताना रेडिओच्या जागी कापलेलं भोक आ वासून होतं आणि त्यातून चिकटपट्टी लावलेल्या वायरी डोकावत होत्या. घराचा रस्ता उजवीकडे होता. साहेबांनी काही न विचारता गाडी फाटकाकडे घेतली. फाटक ओलांडलं, तिसरा गिअर टाकला. दारातले तीन नट उगाचच इकडून तिकडे गेले. वहिनी समोर बघत बसल्या होत्या. साहेबांना वाटलं, झालं ते झालं, आता हे असंच.

टेकडीच्या पहिल्या वळणावर वहिनींनी हात पुढे केला आणि आपल्या बाजूची काच गरागरा फिरवून पूर्ण खाली केली. वारा धाडकन आत आला. पर्स मांडीवरून घसरली, वायरी फडफडल्या, कानात नुसता घोंघाट भरला. वहिनींनी तोंड खिडकीबाहेर वळवलं.

साहेबांनी मान वळवली नाही. पण डाव्या बाजूच्या आरशात त्यांना वहिनींचे ओठ दिसले. ते हलत होते. जमिनीखालची गळती ओळखणारा कान साहेबांनी जिवाच्या आकांताने ताणला, तरी वाऱ्याशिवाय काही आलं नाही. एक शब्द नाही, सूर नाही. काच जरा वर घे म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

मग मिटलं, आणि वारा आणखी वाढावा म्हणून चौथा गिअर टाकला.